मातृभाषेचा रकाना

मुलीला पाचवीला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न आपल्या समाजात एका घरापुरता राहत नाही. त्यात दादीमाँ असते, मोहल्ल्यातली चार शहाणी माणसं असतात, जमातीचे विश्वस्त असतात, आणि ज्यांनी स्वतःची मुलं कुठं घातली हे कुणाला सांगितलं नाही असे नातेवाईकही असतात. शेजारच्या मराठा किंवा माळी घरात हाच प्रश्न निघाला तर तो साधारणपणे दोन गोष्टींवर येऊन थांबतो. फी किती आणि शाळा किती लांब. आमच्याकडं त्याच्या आधी भाषा येते आणि भाषेच्या मागून सगळंच येतं. दीन, इज्जत, नोकरी, शेजार, मुलीचं लग्नसुद्धा.

माझ्या बाबतीत आणखी एक गाठ होती. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका आहे. माझं माहेर मिरजेचं, सासर साताऱ्याचं. मी स्वतः सातवीपर्यंत उर्दूत शिकले, डी.एड.ही उर्दूतूनच केलं. शाळा कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावात आहे. रोज सकाळी पोवई नाक्यावर एस.टी. पकडायची, आणि चार वर्षं थोरली लेक माझ्या शेजारी बसून त्याच शाळेत यायची. शाळेचा पट तेवीस, शिक्षक दोन. त्या तेविसात एक माझी मुलगी. ज्यांनी पटावर नोकरी केली आहे त्यांना या एका आकड्याचं वजन सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं वीसच्या आत पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा आमच्या केंद्रातल्या प्रत्येक उर्दू शाळेत शिक्षक बोटांवर मुलं मोजत होते. २०२४ च्या जूनमध्ये माझी मुलगी पाचवीला जाणार होती. आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत, त्यामुळं ती आणखी तीन वर्षं सहज राहू शकली असती. मोहल्ल्यातल्या आया माझ्याकडं बघत होत्या. मॅडमनी स्वतःची पोरगी काढली तर आम्ही आमची का ठेवायची, हे त्यांनी कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण घरोघर पटनोंदणीला गेले की चहाच्या कपाबरोबर तोच प्रश्न पुढं यायचा.

उर्दू शाळेची बाजू मी आतून पाहिलेली आहे, म्हणून तिच्याविषयी कोणी उगाच नाक मुरडलं तर मला राग येतो. आमच्या मुली शाळेत येतात त्या उर्दू शाळा आहे म्हणून येतात. काही घरांत तर, ही शाळा नसती तर मुलगी चौथीनंतर घरीच बसली असती, हे मला नावानिशी माहीत आहे. आमच्या मुलांवर भाषांचं ओझं नसतं, हाही एक गैरसमज. उर्दू शाळेतलं मूल पहिलीपासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकतं. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हापासून हे असंच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय निघाला, महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. लहान पोरांना तीन भाषा कशा झेपणार, यावर त्या अडीच महिन्यांत केवढं लिहिलं गेलं! आमची पोरं डाव्या हातानं एक वही उघडतात आणि उजव्या हातानं दुसरी, एक लिपी इकडून जाते आणि दुसरी तिकडून येते, हे त्या चर्चेत क्वचितच कुणाला आठवलं.

पण शाळेची अडचणही मला आतूनच ठाऊक आहे. आमच्या वर्गात त्रिकोणाला मुसल्लस म्हणतात, कोनाला ज़ाविया, गुणाकाराला ज़र्ब. शब्द सुंदर आहेत. मूल आठवीला दुसऱ्या शाळेत गेलं की तिथं त्रिकोण आणि कोन, आणि अकरावी सायन्सला ट्रँगल आणि अँगल. एकाच आकृतीची तीन नावं पाठ करण्यात ज्या मुलांची दोन-दोन वर्षं गेली त्यांना मी पाहिलं आहे. हुशार होती ती. गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते, त्यात मराठी व्याकरण असतं. आमच्या गावचा एक मुलगा मैदानी चाचणीत चांगला उतरला आणि लेखीला समास-प्रयोगात अडकला. त्याला तिसरीत मीच बाराखडी शिकवली होती.

आता दादीमाँचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं. आमच्या घरी मुलांमुळं सगळेच त्यांना दादीमाँ म्हणतात. त्यांचं एकच वाक्य होतं, "उर्दू छोडी तो छोकरी कुरान शरीफ कैसा पढेगी गे?" मी त्यांना सांगितलं की कुरान शरीफ अरबीत आहे, ते ती मकतबमध्ये मौलवीसाहेबांकडं शिकतेच आहे, त्याचा शाळेच्या माध्यमाशी संबंध नाही. मराठीत अनुवादही आहेत. त्या गप्प बसल्या, पण पटलं म्हणून नव्हे. आणि त्यांचं सगळंच चूक होतं असंही मला वाटत नाही. नमाजची पुस्तकं, नबींच्या गोष्टी, माझ्या अब्बांच्या पेटीतली पत्रं, शादीचे जुने रुक्के, हे सगळं उर्दूत आहे. एका पिढीनं ती लिपी सोडली की पुढच्या पिढीला घरातल्याच कागदांचे फोटो काढून वाचायला दुसऱ्याकडं पाठवावे लागतात. माझ्या नवऱ्याचं तसंच होतं. तो रयतच्या मराठी शाळेत शिकला. आजोबांनी ठेवलेला जमिनीचा हिशोब तो मला वाचायला देतो.

खरी गंमत अशी की घरात आम्ही उर्दू बोलतच नाही. आम्ही बोलतो ती दखनी. मेरेकू, तेरेकू, कायकू, नको, हौ. शब्दाच्या शेवटी मराठीचा च लावून 'मैंच करी' म्हणणारी ही बोली आदिलशाहीपासून या भागात आहे. विजापूरच्या दरबारात तिच्यात काव्य झालं, सुफींनी तिच्यात उपदेश केला. आज साताऱ्याच्या मोहल्ल्यात ती बोलणाऱ्यालाही ती भाषा वाटत नाही. मी स्वतः वर्गात मुलींना टोकते, "मेरेकू नहीं, मुझे." टोकलं की दोन मुली सुधारून बोलतात आणि तिसरी बोलायचंच थांबते. मराठी शाळेत गेली तर हसतात, उर्दू शाळेत गेली तर मॅडम टोकतात. माझ्या मुलीची मातृभाषा कुठल्याच शाळेच्या फळ्यावर लिहिली जात नाही. माध्यमाच्या चर्चेत आपल्याकडं 'मातृभाषेतून शिक्षण' हे इतकं गृहीत धरलेलं असतं, की ज्या मुलांच्या वाट्याला ते कोणत्याच शाळेत येत नाही त्यांचा विचार पुढं सरकतच नाही. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथली एक शिक्षिका मला प्रशिक्षणात भेटली होती. तिच्याकडंही हाच पेच, फक्त तिथं लिपी कन्नड. आम्ही दोघी दुपारच्या सुट्टीत पटाच्या गोष्टी करत बसलो आणि तिच्या पुढच्या वाक्यात काय येणार हे मला आधीच कळत होतं.

इंग्रजी माध्यमाचा विचार आम्ही केला नाही असं नाही. माझा भाऊ सांगलीला असतो, कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त त्याचं वर्कशॉप आहे. त्याची दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत जातात. त्याचं म्हणणं सरळ आहे, "आपा, उर्दू-मराठी करत बसलीस तर दोन्हीकडून जाशील. दुनिया इंग्रजीची आहे." त्याच्या मुलाचं इंग्रजी खरंच चांगलं आहे. परवा मिरजेला अम्माकडं सगळे जमलो होतो. अम्मानं त्याला मेडिकलमधून आणलेल्या पिशवीवरचं मराठी वाचायला सांगितलं, तर तो अक्षरं जुळवत बसला, आणि उर्दू तर त्याला उलटी की सुलटी तेही कळत नाही. भाऊ हसला. अम्मा हसली नाही.

मिरजेच्या आमच्या गल्लीच्या मागं सतारमेकरांची घरं आहेत. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं सतारी आणि तानपुरे होतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या लोकांचं भाषेचं मला लहानपणापासून नवल वाटायचं. घरात दखनी, गवयांशी बोलताना अदबशीर हिंदुस्थानी, भोपळे विकायला येणाऱ्या पंढरपूरकडच्या शेतकऱ्याशी अस्सल मराठी, धारवाडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड. जवारी काढणारा माणूस चार भाषा सहज बोलतो आणि त्याला कुणी बहुभाषिक म्हणत नाही. त्यांची मुलं मात्र आता इंग्रजी शाळेत जातात, कारण परदेशी पार्सलचे कागद इंग्रजीत असतात. हे कारण मला भावाच्या कारणापेक्षा जास्त पटतं. निदान इंग्रजी कशासाठी हवी हे त्यांना माहीत आहे.

साताऱ्यातल्या एका इंग्रजी शाळेत आम्ही गेलो होतो. नाव लिहीत नाही. फी वर्षाला चाळीस हजार, ती जमवली असती. मुलाखत आईवडिलांची होती. समोरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, आडनाव पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "घरी अभ्यासाचं वातावरण आहे ना?" मी म्हटलं, मी शिक्षिका आहे. "हो का? पण तुमच्यात मुलींना पुढं..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "चल, भेळ खाऊ." राजवाड्यावर आम्ही तिघांनी भेळ खाल्ली आणि त्या शाळेचा विषय तिथंच संपला.

उरली मराठी माध्यमाची सेमी-इंग्रजी शाळा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. नवऱ्याचा कल पहिल्यापासून तिकडंच होता. आमच्या घरी कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव एखाद्या बुजुर्गासारखं घेतलं जातं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या पोरांचं बोर्डिंग निघालं, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. माझे आजेसासरे बागवान. त्या बोर्डिंगला भाजी त्यांच्या गाडीवरून जायची, असं घरात सांगतात, आणि मोबदल्यात पैसे कमी पण सासऱ्यांना शाळेत नेऊन बसवलं गेलं, असंही सांगतात. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग उभं केलं, त्याची गोष्ट वेगळी. तिथं मुसलमानांसाठी वेगळी सोय होती, इथं एका पंगतीत बसणं होतं. दोन्हींची गरज होती असं मला वाटतं, आणि दोन्हींतली निवड आजही संपलेली नाही. उर्दू शाळा की मराठी शाळा हा त्याच वादाचा आजचा चेहरा आहे.

नेमक्या त्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री, खटाव तालुक्यात पुसेसावळीला जमावानं मशिदीवर हल्ला केला. नमाजला गेलेला एक तरुण मारला गेला. चांगला शिकलेला मुलगा होता तो. जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. आमच्या मोहल्ल्यात त्या आठवड्यात ज्यांनी मराठी शाळेचे फॉर्म आणले होते त्यांनी ते कपाटात ठेवून दिले. "आपली पोरं आपल्यात बरी," असं दुकानात, दवाखान्यात, वाझच्या मजलिसीत सगळीकडं ऐकू यायला लागलं. मी त्यांना काय सांगणार होते? मला स्वतःला एस.टी.त बसताना लेकीला "फोनवर अम्मी म्हण, जोरात सलाम करू नको," असं सांगायची पाळी आली होती.

नवऱ्याच्या दहावीच्या वर्गाचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात त्या ग्रुपवर जे काही येत होतं ते पाहून त्यानं तो बंद करून ठेवला होता. दहा वर्षं एका बाकावर बसलेली माणसं होती ती. एकत्र शिकलं की माणूस कळतो, हे मी भाषणात अनेकदा ऐकलं आहे, पण त्या ग्रुपकडं बघून ते म्हणणं अवघड होतं. मग इंटरनेट बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातले दोघे जण मोटारसायकलवर घरी आले. एकानं दुधाची किटली आणली होती. बाहेर दुकानं बंद, पोरांना दूध नसेल म्हणून. ते फार काही बोलले नाहीत, अर्धा तास बसले, चहा प्याले, आणि जाताना दादीमाँच्या पाया पडले. ग्रुपवर सगळ्यात घाण मेसेज पुढं ढकलणाऱ्यांत त्यांतलाच एक होता, हे नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मराठी शाळेचं मी जे काही मोल करते ते या दोन्ही धरून करते. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्या भावाकडं त्या दिवसांत कुणी किटली घेऊन आलं नाही. त्याला ग्रुपवरून शिव्याही आल्या नाहीत. तो त्यांच्या कुठल्याच यादीत नाही.

माझी धाकटी बहीण बर्लिनला असते, तिचा नवरा तिकडं नोकरीला आहे. त्याच सुमारास तीही मुलाच्या शाळेच्या घोळात होती. तिच्याकडून कळलं की बर्लिनमध्ये १९९२ पासून सरकारी द्विभाषिक शाळा आहेत, जर्मन आणि दुसरी एक भाषा. अशा नऊ भाषा आहेत आणि त्यांत तुर्कीही आहे. अज़ीज़ नेसिन या तुर्की लेखकाच्या नावाची शाळा आहे, क्रॉइत्सबर्ग भागात. वर्गात साधारण निम्मी मुलं घरी जर्मन बोलणारी घ्यायची, निम्मी तुर्की बोलणारी, आणि विषयही निम्मे-निम्मे वाटायचे. मजुरी करायला गेलेल्या तुर्की मुसलमानांची भाषा सरकारी शाळेत गणित-भूगोलाइतक्या मानानं शिकवली जाते, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. बहीण म्हणाली, हुरळून जाऊ नको, अशा शाळा थोड्या आहेत आणि बाकीच्या ठिकाणी तुर्की मुलांना चांगल्या गिम्नासियममध्ये जागा मिळवायला झगडावंच लागतं. तरी एक गोष्ट मनात राहिली. तिथल्या दोन भाषांपैकी प्रत्येक भाषा वर्गातल्या कुणाची तरी घरची असते, आणि मुलं ती एकमेकांकडून घेतात. आमच्या सेमी-इंग्रजीतल्या दोन भाषांपैकी एक माझ्या मुलीच्या बाकाशेजारणीची आहे, दुसरी वर्गात कुणाचीच नाही. तिच्याकडं स्वतःची आहे ती तिसरी, आणि तिच्याकडून ती कुणी घेणार नाही.

निर्णय मार्चमध्ये झाला. घरात मोठी बैठक वगैरे झाली नाही. नवरा म्हणाला सेमी, मी म्हटलं सेमी, पण संध्याकाळी उर्दू मी शिकवणार आणि त्यात एक दिवसही खाडा चालणार नाही. दादीमाँ म्हणाल्या, "करो तुम्हारे मन का," आणि दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. शाळेत माझ्या सहकाऱ्यांना सांगणं जास्त जड गेलं. ते वयानं मोठे आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. ते एवढंच म्हणाले, "बावीस राहिले म्हणजे." त्या उन्हाळ्यात मी आसपासच्या तीन वाड्या पायी फिरले आणि ऊसतोडीहून परतलेल्या एका घरातली दोन मुलं आणली.

प्रवेशाच्या दिवशी कारकुनानं फॉर्म पुढं केला. त्यात एक रकाना होता, मातृभाषा. नवऱ्यानं 'मराठी' लिहायला पेन उचललं. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "उर्दू लिख." लेक मधेच म्हणाली, "हम घर में बोलते वो लिखो ना." कारकून चांगला माणूस होता, हसून म्हणाला, "ते बसत नाही ताई, यादीत नाही." शेवटी उर्दू लिहिलं. माझ्या दृष्टीनं ते खरं नाही, आणि मराठी लिहिलं असतं तर तेही नव्हतं. त्याच फॉर्मवरचे बाकीचे शब्द मी वाचत होते. दाखला, हजेरी, तारीख, अर्ज, सही, सवलत. आमच्या फारसी-अरबीतूनच आलेले. इयत्ता मात्र संस्कृत. मराठीनं यांना कधी मातृभाषा विचारली नाही.

आता ती सहावीत आहे. पहिली चाचणी गणितात वाईट गेली, दुसरी बरी गेली. तिच्या वहीच्या मागच्या पानावर तिनं तीन उभे रकाने आखलेत. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. वर्गात एकदा 'मेरेकू' निघालं आणि पोरं हसली, तेव्हा शेजारच्या मुलीनं तिच्याकडून दहा शब्द लिहून घेतले, म्हणून मघाच्या माझ्या वाक्यात थोडी दुरुस्ती करायला हवी. माझ्या नणंदेच्या मुलीनं तर आठवीला मार्कांसाठी संस्कृत घेतलं. दादीमाँ त्यावरही दोन दिवस बोलल्या नाहीत. मी त्यांना आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंडित गुलाम दस्तगीर बिराजदारांचं सांगितलं, आयुष्यभर संस्कृत शिकवलं आणि पाच वक्त नमाज पढले. "वो पंडित थे," त्या म्हणाल्या, "ये छोकरी है." यावर मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी मगरिबनंतर आमच्या ओसरीवर उर्दूचा तास असतो. सुरुवातीला लेक एकटीच होती, मग मराठी आणि इंग्रजी शाळांतल्या गल्लीतल्या आणखी चार मुली यायला लागल्या. त्यांतली एक मध्येच थांबली, ट्यूशनची वेळ आड आली. या तासात मी कुणाला 'मेरेकू'वरून टोकत नाही. फळ्यावर 'मुझे' लिहिते आणि शेजारी 'मेरेकू' लिहिते.

धाकट्याला या जूनमध्ये पहिलीत घातलं. माझ्याच शाळेत. सकाळच्या एस.टी.त खिडकीची जागा आता त्याची असते. शाळेचा पट पंचवीस आहे.